बाबांना पायलट मी केलं

दर पोळ्याला आमच्या बैलाच्या खांद्यावर लढाऊ विमानाची निशाणी असायची. सुतळीचं एक टोक बाबा बैलाच्या खांद्यावर अंगठ्यानं दाबून धरत, दुसऱ्या टोकाला ब्रश बांधत आणि गरकन हात फिरवत. बाहेर भगवा, मध्ये पांढरा, पोटात हिरवा. बैल डोळे अर्धे मिटून उभा असायचा. ऊन इतकं मऊ पडलेलं असायचं, की लहानपणी मला खरंच वाटायचं, आता हा पाय उचलेल आणि हळूच जमीन सोडेल. मी त्याच्या खुरांकडे टक लावून बसायचो.

"हे लढाऊ हाय," बाबा शेजारच्या काकांना ऐकू जाईल असं म्हणत. "तुमचे बैल मालवाहू."

वर्तुळाखाली ते छोट्या चांदण्या काढत. लढाईत शत्रूचं विमान पाडलं, की पाडणाऱ्याच्या विमानावर तशी खूण होते म्हणे. आमच्या बैलानं धुऱ्याचा बांध ओलांडून काकांच्या तुरीत जितक्यांदा तोंड घातलं, तितक्या चांदण्या. एका वर्षी पाच निघाल्या. काकांनी बोट ठेवून एकेक मोजली.

"लाज नाही वाटत लेका? चोरीची जाहिरात करून राह्यला?"

"चोरी नोय, हल्ला होय," बाबा म्हणाले. दोघं हसता हसता खाटेवर आडवे झाले.

बाबा हवाई दलात होते, पोळ्याला सुट्टी काढून येत. रंगारी. पंखांवरची वर्तुळं, शेपटीवरचे पट्टे, अंगावरचे आकडे, ही त्यांची नोकरी. एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा ते ऐन विशीत होते. एवढं खरं. बाकीचं सगळं मी केलं.

चौथीत गुरुजींनी एकेकाला उभं करून विचारलं, वडील काय करतात. आमच्या गावात रंगारी म्हणजे दिवाळीआधी दारं-खिडक्या रंगवून देणारा माणूस. मी म्हणालो, "लढाऊ विमान चालवतात." सगळा वर्ग माझ्याकडे वळला. बाहेर कडुनिंबाची पानं हलत होती आणि मला आपण बाकावरून वीतभर वर आहोत असं वाटत होतं. बाबा सुट्टीवर आले तेव्हा गुरुजींनी त्यांना भर चौकात 'या पायलट' म्हणून हाक मारली. त्या दिवशी मी ज्वारीच्या कणग्यांमागे लपून बसलो. बाबा घरी आले, जेवले, निजले. काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून गावानं त्यांना पायलटबुवा केलं, आणि मी त्यातून सुटलो असं समजून मोठा झालो. मोठा झालो, नोकरी केली, केस पिकले, तरी तो शब्द कानावर पडला की मी विषय बदलायचो.

परवाच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली आणि टीव्हीवर एकाएकी विमानंच विमानं सुरू झाली. आसेगावच्या रस्त्यावर आमच्या फाट्याला चहाचं हॉटेल आहे. एसटीच्या खिडकीपेक्षा उंचावरून ज्यांनी कधी जग पाहिलं नाही, तेही तिथं बसून कोणतं विमान कोणाला भारी ते सांगू लागले. बाबांना विचारलं तर ते बशी खाली ठेवून म्हणाले, "विमान कोणतंबी घ्या बापा, रंग देल्याबिगर ते कोणाचं हाय, हे त्याच्या मालकालेबी समजत नाही."

लोक पोट धरून हसले. पायलटबुवा किती साधे, स्वतःचं काही सांगतच नाहीत! त्याच हसण्यात सरपंचांनी जाहीर करून टाकलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर बाबांचं नाव लिहायचं. खाली 'लढाऊ विमानाचे पायलट'.

त्या दिवसापासून बाबांचं थट्टा करणं बंद झालं. दुपारभर अंगणातल्या खाटेवर पडून ते आभाळ पाहत. नागपूरकडे जाणारं विमान फार उंचावरून जातं, आवाजही येत नाही, नुसती पांढरी रेघ उमटते. ती विरघळून आभाळ पुन्हा कोरं होईपर्यंत बाबा पापणी हलवत नसत. मी शेजारी बसून राही. तास कसे जात, कळत नसे.

अशाच एका दुपारी ते आभाळाकडेच पाहत बोलू लागले. "चांदणी काढाची तं लेखी हुकूम लागे. खुद्द पायलट येऊन म्हणे, काढ रे, म्या पाडलं. मी म्हणो, कागद आणा साहेब. कागद नाही तं चांदणी नाही. मोठमोठे साहेब चिडले माह्यावर. जलमभर खोट्याले ब्रश नाही लावला म्या. अन् आता माह्याच नावाखाली खोटं लिहून राह्यले. मी मेल्यावरबी ते भिंतीवर राह्यीन."

मग माझ्याकडे वळले. "तू सांगतलं होतं ना गुरुजीले? आता हे खोटं तूच मोड."

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं. माझे कान तापले. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, पण तिथून उठून कणग्यांमागे जावं असं वाटलं.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले, की आमच्याकडे झडत्या म्हणतात. एकमेकांची खेचायची, वाट्टेल त्या फुशारक्या मारायच्या, आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा. अख्खं गाव एका जागी असतं. मी ठरवलं, इथंच सांगायचं. पुढं झालो.

"ऐका हो! माहा बाप पायलट नाही. विमानं रंगवत होता. म्या शाळेत खोटं सांगतलं होतं!"

मला वाटलं, सुटलो.

"हर बोला!" शेजारचे काका ओरडले.

"हर हर महादेव!" गाव गरजलं. डफडी कडाडली, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"अबे, खरं सांगून राह्यलो मी!" मी घसा फोडून ओरडलो. हसू दुप्पट झालं. तोरणाखाली येऊन खरं बोलणारा माणूस गावानं आजवर पाहिलाच नव्हता, तर त्यांचा तरी काय दोष? कोणीतरी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सरपंचांनी पाठ थोपटली. "मस्त झडती! यमक तेवढं नाही जमलं." गर्दीपलीकडे बाबा बैलाची दोरी धरून उभे होते. ते एकटेच हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला शाळेकडे नेलं. पेंटर लिहून चहाला गेला होता. भिंत ओली होती, स्टूल तिथंच होतं, खाली रंगाचे डबे. बाबांनी खिशातून कापडात गुंडाळलेला स्वतःचा ब्रश काढला आणि माझ्या हातात दिला.

"तुमीच लिहा ना बाबा. हात तुमचा."

"चूक तुही हाय. चढ."

मी चढलो. 'पायलट'वर पांढरा रंग फिरवला. तो वाळेपर्यंत मी स्टुलावरच बसून राहिलो. उन्हात भिंत अशी पांढरी लखलखत होती, की थोडा वेळ तिथं कोणाचंच नाव नाही असं वाटलं. मग मी 'रंगारी'चा 'रं' काढला आणि भिंतीकडेच तोंड ठेवून विचारलं, "तवाच मले थापड काहून नाही मारली? चौकातच सांगून टाकाचं होतं."

बाबांनी खाली पडलेला रंगाचा थेंब चपलेनं पुसला.

"सांगणारच होतो," ते म्हणाले. "तोंडबी उघडलं होतं. पण पारावरचे लोकं उठून उभे राह्यले रे मले पाहून. माह्या बापासाठी कोणी कधी उठलं नव्हतं. मले लय बरं वाटलं. म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या, उद्या सांगू." त्यांनी ब्रशाच्या कापडाची घडी घातली. "रोज उद्याच म्हणत गेलो."

त्या दुपारपासून मला वाटत होतं, माझी लाज राखायला ते गप्प राहिले. मला रडू फुटलं, भिंतीवरचं अक्षर दिसेना.

"आण तो ब्रश," बाबा म्हणाले. "अर्धं मले लिहू दे."

मी खाली उतरलो. दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं, आणि बाबा वर चढले.