केळीची पाने पाहून विमान उतरवणारी

१२ मे, दुपारी तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. विमान शेतात घालूनही गावाचे कौतुक मिळवणारी व्यक्ती साऱ्या खानदेशात एकच आहे, आणि ती माझी धाकटी मावसबहीण आहे. त्या मिनिटाला तिचे चार आसनी खासगी विमान यावलजवळच्या धावपट्टीवरून घसरले आणि नांगरलेल्या रानात नाक खुपसून थांबले. तिला खरचटलेसुद्धा नाही. माझ्या जिवात जीव आला. पण तो पुरता येण्याआधीच, आता तरी हिचे उडणे थांबेल, असाही विचार आला.

भौतिकशास्त्र तिला मी शिकवले. वैमानिक प्रशिक्षणाचे दोघींचे अर्ज मीच भरले. डोळ्यांच्या तपासणीत मी बाद झाले, आणि जिला बारावीपर्यंत वेग आणि त्वरण यांतला फरक कळला नाही ती धुळ्याला विमान शिकायला गेली. आता मी केळीबागांसाठी जमिनीवरून वारा मोजते. ती त्याच वाऱ्यात विमान घेऊन फिरते. उड्डाणाआधी ती विमानाच्या नाकावर बैलासारखी थाप मारते आणि म्हणते, "चाल व माय!" पिंप्राळ्यात स्कूटर चालवतानाही चौकात "डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं" असे मोठ्याने पुकारते; रिक्षावाले घाबरून खरोखरच मोकळे करून देतात. मी तीच स्कूटर घेऊन गेले, तर मला कोणी वाट देत नाही.

तिचा सर्वांत मोठा दोष म्हणजे यंत्रांवरचा अविश्वास. सावद्याच्या केळीत वाढल्यामुळे ती वारा पानांवरून ओळखते. त्या दिवशी सकाळी मी फोनवर बजावले होते, "दुपारी वाऱ्याचे झोत येतील. इकडे उतरू नकोस."

"ताई, तुझं यंत्र एका जागी उभं राहतं व! मी वरून शंभर एकराची पानं पाहते."

तिने पाहिली. पाने फोटोतल्यासारखी स्तब्ध होती, कारण त्या बागेला वाऱ्यापासून वाचवायला चारी बाजूंनी शेवरीच्या झाडांची दाट भिंत लावलेली होती. उघड्या धावपट्टीला तशी भिंत नव्हती.

आठवड्याने चौकशी अधिकारी माझ्या टेबलाशी आले. वारा मोजणारे माझे यंत्र धावपट्टीपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे, म्हणून त्यांना नोंद माझ्याकडचीच हवी होती. बहीण बाजूला उभी होती.

"पानं पाहून उतरवलंत?" त्यांनी दोनदा विचारले.

"हो साहेब. मले काय ठाऊक, शेतकरी इतका हुशार निघंल!"

हसू आवरून ते मला म्हणाले, "वारा साधा असेल, तर यांचा परवाना जाईल. अचानक झोत आला असेल, तर फेरपरीक्षा देऊन पुन्हा उडतील."

त्यांनी पुढे केलेल्या फॉर्मात वाऱ्याच्या वेगासाठी एकच रकाना होता, आणि माझ्याकडे आकडे दोन होते. दहा मिनिटांची सरासरी चौदा नॉट. अगदी खरा आकडा; कोणीही मला खोटे म्हणू शकले नसते. मी चौदा लिहिले.

तिने खिडकीबाहेर पाहिले नाही. खाली, स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिली. ती जमिनीवर उभी असलेली पाहण्यासाठी मी सहा वर्षे थांबले होते, आणि आता ते मला पाहवेना.

मी चौदा खोडले, खाली सही केली आणि शेजारी लिहिले: झोत, ३४ नॉट.