मिरजगावची हवा मोजताना

ज्या कामाचा निकाल डोळ्यांना दिसत नाही, तिथे किस्से फार साचतात. आमचं काम तर हवा मोजायचं होतं, त्यामुळे विचारूच नका.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मिरजगावात हायवेला लागून आमचं दोन खोल्यांचं केंद्र होतं. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू आपोआप झिरपत असतो. त्याच्यापासून होणारे कण हवेतल्या धुळीला चिकटतात आणि त्यांचा अगदी थोडा, नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. गच्चीवरच्या पंपाने हवा ओढायची, ती फिल्टर पेपरमधून जाऊ द्यायची, मग तो पेपर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरखाली ठेवून टिकटिक मोजायची. उन्हाळ्यात वारे बदलले की हा आकडा कसा बदलतो, ते साहेबांना हवं होतं. साहेब बसायचे पुण्याला. केंद्रावर मी आणि किसनभाऊ.

किसनभाऊ गावातलेच, चाळिशीचे, चौथी शिकलेले. दरवर्षी दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जायचे आणि दोन्ही पोरींची शाळा सुटायची. आमच्याकडे ते हंगामी लागले होते. "हितं कायम झालो तर पोरी शाळंत ऱ्हातील," एवढंच त्यांचं म्हणणं. ते उन्हाळा संपताना साहेब ठरवणार होते.

*

पहिल्याच आठवड्यात आकडा इतका कमी येऊ लागला की मी पंप उघडला, काउंटर तपासला, वायरी बदलल्या. किसनभाऊ शांतपणे बघत होते. शेवटी मी विचारलं, "पेपर काढल्यावर तुम्ही नेमकं काय करता?"

"झटकतो, फडक्यानं पुसतो न् तुमाला देतो. लई मळलेला असतो. साहेब मानसापुढं तसा कसा ठिवायचा?"

मी त्यांना समजावलं की आपल्याला तो मळच हवा आहे. त्यांनी जरा विचार केला.

"मंग पंप कशाला आनला? आमच्या घरी यायचं की!"

*

त्या वर्षी वळवाच्या पावसाने ओढ दिली आणि गावात बोलणं सुरू झालं. एके दिवशी चारपाच जाणती माणसं केंद्रावर आली. त्यातले एक अण्णा पंपाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही मिशीन दिसभर हवा वढती. मंग ढग टिकंल कसा?"

मी फळ्यावर आकृती काढायला खडू घेतला, तेवढ्यात किसनभाऊ पुढे झाले.

"अण्णा, हिच्यात ढग वढायची ताकद असती, तर पयला माझ्या रानावर नसता का नेला? माझं रान बघून या."

मंडळी रान न बघताच परत गेली. मी खडू ठेवून दिला.

*

कडक उन्हात जमीन तापते, म्हणजे वायूही जास्त निघत असणार आणि आकडा दुपारीच वर जाणार, असं माझं ठाम मत होतं. किसनभाऊ म्हणाले, "सकाळच्याला जास्त येईल." चहाची पैज लागली आणि मी हरलो. पहाटेचा आकडा दुपारच्या दुप्पट.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळच्याला चुलीचा धूर गावावरच बसून ऱ्हातो. दुपारी कुटं दिसतो का?"

पुस्तकात हेच दोन पानं भरून लिहिलेलं होतं. पहाटे खालची हवा थंड असते, हलत नाही. दुपारी तापून वर चढते आणि सगळं पांगतं. मी ती दोन पानं नीट वाचली नव्हती, एवढंच.

*

एकदा तीन दिवस आकडे असे वाढले की साहेबांचं पत्र आलं : "केंद्रावर काय चाललं आहे?" शोधता शोधता काउंटरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गॅसबत्तीच्या मँटलचं, म्हणजे जाळीच्या वातीचं, पाकीट सापडलं. लाईट फार जायची, म्हणून जवळ ठेवलेलं. त्या मँटलमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असतं. आमचा काउंटर तीन दिवस हवा नव्हे, ते पाकीट मोजत होता.

पाकीट मीच ठेवलं होतं. तसं मी पत्रात लिहिलंही. पण साहेबांच्या मनात ती चूक चौथी शिकलेल्या माणसाच्या नावावर बसली ती बसलीच. याचं मला आजही वाईट वाटतं.

*

मग मे महिन्यात उन्हाची लाट आली. मला ऊन लागलं आणि आठवडाभर मी नगरच्या दवाखान्यात पडून होतो. केंद्र एकट्या किसनभाऊंवर. मी परतलो त्याच दिवशी साहेबांची जीप दारात.

साहेबांनी वही उघडली. पहाटेचे आकडे रोज चढे. गुरुवारी एकदम निम्म्याच्या खाली, शुक्रवारी तसाच, शनिवारी पुन्हा वर.

"ऊन तर आठवडाभर सारखंच होतं," साहेब म्हणाले. "गुरुवारी झोपलास आणि मनाने आकडा टाकलास ना?"

"न्हाई साहेब. मिशीननं दिला त्यो लिवला."

"मग त्या दिवशी वेगळं काय घडलं ते सांग. नाहीतर हा आठवडा मला खोडावा लागेल. आणि तुझ्याविषयी वर काय कळवायचं तेही ठरलं."

मी बोलायला गेलो तर साहेबांनी हात वर केला. किसनभाऊंनी वही आपल्याकडे ओढून गुरुवारचा आकडा पुन्हा वाचला.

"हितं काय घडलं न्हाई," ते हळूच म्हणाले. "घरी घडलं. मंडळीनं बाजरीच्या खारोड्या वाळत घातल्या हुत्या. बुधवारपत्तुर एका दिसात कडक व्हायच्या. फुडचे दोन दिस ऊन तेवढंच, पर वल्ल्याच ऱ्हायल्या. मीठ लई टाकलं म्हनून मी तिलाच बोललो."

साहेबांनी बॅगेतून हवामानाचे नकाशे काढले आणि टेबलावर पसरले. बुधवारपर्यंत वाऱ्याचे बाण उत्तरेकडून, कोरड्या मुलखावरून येत होते. गुरुवारी आणि शुक्रवारी समुद्राकडून. शनिवारी पुन्हा उत्तरेकडून. समुद्रावरची हवा दमट असते आणि तिच्यात रेडॉन जवळजवळ नसतोच. हे मी किसनभाऊंना कधी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी गुरुवारच्या नकाशावरच्या बाणांवरून समुद्रापर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी नकाशे गुंडाळले, वहीच्या त्या पानावर सही केली, चहा घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरने गाडी सुरू केल्यावर बाहेर डोकावून म्हणाले,

"किसनराव, पुढच्या उन्हाळ्यात वहिनी खारोड्या कधी घालणार आहेत, ते आधी कळवा."