परतीचं गाठोडं

"परतीचं बांधलं का वं?"

गल्लीतून कोणी बाहेरगावी निघालं की मोठीमाय त्याच्या गाठोड्याची गाठ ओढून पाहायची आणि हे विचारायची. कामठीला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याचीही सुटका नव्हती. जाण्याचं सामान वेगळं, येण्याचं वेगळं. येण्याचं गाठोडं लहान असायचं आणि जाताना त्याला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. त्यात एक धुतलेला कपडा आणि काहीतरी कोरडं खायला. मी बी.ए.च्या परीक्षेला निघाले तेव्हाही तिनं अडवलं. म्हटलं, मोठीमाय, मी पेपर द्यायला चालली, गावाला नाही. तिनं हातात गुंडाळलेली पोळी कोंबली. म्हणाली, "पेपर कसाही जावो. येताना भूक तर लागनच ना."

अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. तुम्ही तिला हसलाही असाल. आम्हीही हसायचो.

त्या दिवसांत आमच्या घरी हसण्यासारखं तेवढंच होतं. इतवारीच्या धान्यबाजारामागे आमची एक खोली, वर कवेलूंचं छप्पर. बाबा पोती उचलायचे. पाठ गेल्यावर शेठजींनी त्यांना फाटकं बारदान शिवायला बसवलं. आई मी मॅट्रिक व्हायच्या आधीच गेली होती. ताईला जबलपूरला दिलं. तिची पहिली दोन लेकरं तिथल्या थंडीत, एकापाठोपाठच्या दोन हिवाळ्यांत, छाती भरून गेली. सासू नाही, नणंद नाही, जावईबापू कारखान्यात पाळीवर. दोन्ही वेळा आमच्यापर्यंत बातमी आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

मोठीमाय आमच्या नात्यातली नव्हती. दोन घरं सोडून राहायची आणि मिरच्या कुटून तिखट विकायची. भिवापूरची मिरची, तिच्या माहेरची. दुसऱ्या गावच्या मिरचीला ती मिरची म्हणायलाही तयार नसे. हिवाळ्यात नवा माल आला की तिचं मुसळ सुरू व्हायचं आणि गल्ली ठसकू लागायची. पाहुण्यांना वाटायचं, इथं सगळ्यांना पडसं झालंय. आम्हाला ठसका लागला नाही तरच चुकल्यासारखं वाटे. तिच्या हातांत तिखट इतकं मुरलेलं होतं की ती लहान मुलाला कधी बोटं लावत नसे. ताप पाहायचा असला की हात मागे धरायची, वाकायची आणि स्वतःचा गाल मुलाच्या कपाळाला टेकवायची.

ताईला तिसरं बाळ झालं ते मार्गशीर्षात. पोट फाडून काढावं लागलं. मुलगी होती, हलकी, पण जिवंत. जावईबापूंनी कळवलं की सव्वा महिना होतो आहे, डॉक्टर म्हणतात हिला उबेत आणि बाईमाणसाच्या हाताखाली ठेवा, इथे माझ्याच्यानं होणार नाही, घेऊन जा. रेल्वेनं आणायचं तर इटारसीला गाडी बदलावी लागणार, आणि त्या फलाटावर पौषाच्या गारठ्यात ताई टाके घेऊन किती वेळ बसणार? बाबांनी शेठजींजवळ शब्द टाकला. शेठजींनी जीप दिली, ड्रायव्हर दिला. जीप म्हणजे चार चाकं आणि वर ताडपत्री. बाजूंनी सगळा वारा आत.

ठरलं ते असं. बाबा, मी आणि मोठीमाय जाणार. येताना मागे ताई आडवी आणि तिच्याजवळ मोठीमाय, बाळाला घेऊन. मोठीमाय तोवर कन्हानच्या पुलापलीकडे गेलेली नव्हती. ती जाणार का, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिनं फक्त मुसळ उभं करून ठेवलं. ऐन हंगामात. गिऱ्हाईक यायचं आणि रिकामं जायचं. मी काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, "लेकराच्या नाकात मिरचीची खाट जाईन वं. अन् हातही निवले पाहिजेत माहे." मग रोज सकाळी ती बेसन आणि तेलानं हात चोळत उन्हात बसायची आणि बोट जिभेला लावून पाहायची, तिखट निघालं का.

गल्लीची हवा स्वच्छ झाली आणि आम्हाला करमेना.

बाबांनी जीप शिवायला घेतली. होय, शिवायलाच. दोन्ही बाजूंना आणि मागे बारदानाचे दुहेरी पडदे, मधे जुन्या गोधड्या, दाभणानं घातलेले घट्ट टाके. पाठ दुखायची तरी उठत नव्हते. दोन नातवंडांसाठी त्यांना काही करता आलं नव्हतं. आता हाताला जे येत होतं ते सगळं ते त्या पडद्यांत घालत होते. ड्रायव्हर विडी ओढत म्हणाला, "काका, आता यातनं मुंगीबी आत नाही जात." बाबांनी ते शाबासकीसारखं घेतलं.

आत शेगडी ठेवायची, ही कल्पना मोठीमायची. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असतेच. आमच्याकडे दार लावून, फटीत चिंध्या कोंबून बाळंतिणीला शेक देतात. आई तशीच निजली होती, मी तशाच खोलीत जन्मले. कोणाच्या मनात शंका आली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मोठीमाय म्हणाली, निजून पाहू. तिचं नेहमीचंच होतं ते. कोणाची पेटी जड वाटली तर ती त्याला पेटी डोक्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालायला लावायची. आता ती स्वतः जीपमध्ये चढली. अंगानं चांगली भरलेली बाई. ड्रायव्हरला हसू आवरेना. वळून म्हणाली, "हसू नको गा. मी बाळंतीण आहो." बाळ म्हणून तिनं वाळूची पुरचुंडी केली होती. कन्हानची धुतलेली वाळू लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली, वजन अंदाजानं बाळाएवढं. त्या पुरचुंडीवर तिनं मलाही दोन दिवस शिकवलं होतं, मान कशी धरायची, वळणावर पोटाशी कशी घ्यायची. तू कॉलेजात शिकली, आता हे शीक, म्हणायची.

पायाशी पेटलेली शेगडी ठेवली. पुरचुंडी शेगडीच्या कडेला, ऊब लागावी म्हणून. बाबांनी पडदे सोडले. ती आतून म्हणाली, तुझ्या भाताला कढ येईपर्यंत निजते.

मी भात टाकला. बाहेरून तिचा आवाज येत होता. इथून वारा येत नाही. इथून थोडा येते, भाऊ, एक टाका मार. उशी सरकून राहिली. बाबा दाभण घेऊन त्या जागेवर टाका घालत होते. मग ती म्हणाली, छान ऊब आली. मग काहीतरी आईबद्दल बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही.

भाताला कढ आला. मी झाकण काढलं आणि कशानं तरी थांबले. गल्लीत मुसळ नव्हतं. ठसका नव्हता. आणि आता तिचा आवाजही नव्हता.

हाक मारली. बाबा म्हणाले, "निजली असन. थकली ना थे." मोठीमाय दिवसा निजली आहे, असं आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. मी मागचा पडदा ओढला. तो सुटेना. बाबांचे टाके होते ते. मी ओढत होते, ड्रायव्हर ओढत होता, शेवटी बाबांनी घरातून विळा आणून पडदा वरून खालपर्यंत फाडला.

आत धूर नव्हता. शेगडी लालबुंद, शांत. मोठीमाय डोळे मिटून पडलेली, तोंड उघडं. आम्ही तिघांनी तिला ओढून बाहेर बाजेवर टाकलं. तिचं डोकं माझ्या हातावर लोंबत होतं. मी तिच्या तोंडावर पाणी मारत होते आणि ती ऐकत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिला जोरात उलटी झाली. नंतर ती कण्हली. मला वाटतं, कण्हण्याचा आवाज मला तेवढा गोड पुन्हा कधी लागला नाही.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. म्हणाले, कोळशाचा वायू. दिसत नाही, वास येत नाही. आमच्या घरांना कवेलूंच्या फटी, म्हणून आजवर निभावलं. जीपला बाबांनी फट ठेवली नव्हती.

मोठीमाय बाजेवरून जीपकडे पाहत होती. म्हणाली, "लेकरू असतं तर?"

बाबा उठले. विळा घेतला आणि एका बाजूच्या पडद्यालाही वर वीतभर चीर पाडली. मग दुसऱ्या बाजूच्या. इतक्या दिवसांची शिवण उसवत होते. शेवटी विळा टाकून खाली बसले. म्हणाले, नाही जायचं. आपण शेकायला जातो अन् मारून बसतो. तिथं नशिबात असन ते होईन.

ड्रायव्हर माझ्याकडे पाहू लागला. शेठजींना काय सांगायचं, हे त्याच्या तोंडावर होतं.

मोठीमायला मान उचलवत नव्हती. तिनं झोपूनच हाक मारली. "भाऊ. दोन गेले ना गा तिथं."

बाबांनी तोंड फिरवलं.

"मी काही आता येत नाही," ती म्हणाली. "माहं डोकं फुटून राहिलं. पोट्टी घेईन लेकराले. म्या शिकवलं तिले."

तेव्हा मला कळलं की ती पोट्टी म्हणजे मी. मी म्हटलं, पण ऊब कशाची? शेगडी तर नाही ठेवता येणार, आणि येताना सिवनीच्या पुढे घाटात दिवसासुद्धा हात गोठतात, असं ड्रायव्हरच सांगत होता.

तिनं हात पुढे केला. मघाशी तिला ओढलं तेव्हा वाळूची पुरचुंडी तिच्या लुगड्यात अडकून बाहेर आली होती, बाजेवरच पडली होती. तिनं ती माझ्या गालाला लावली. शेगडी कधीच अंगणात विझत पडली होती. ऊन उतरलं होतं. वाळू अजून गरम होती.

बाबा उठले. त्यांनी मागचा पडदा वर फट ठेवून जोडला आणि उरलेल्या बारदानाच्या पिशव्या शिवल्या, लहान लहान, उशीएवढ्या. मी वाळू भाजली. मोठीमाय बाजेवरून सांगत होती: दोन कपड्यांत गुंडाळ, आधी आपल्या गालाला लाव, चटका बसला तर लेकराजवळ नेऊ नको. मधूनच उलटीसाठी वळायची आणि पुन्हा सांगायला लागायची.

सकाळी निघालो. ती दारात बाजेवर बसली होती, डोक्याला फडकं आवळून, चेहरा राखेसारखा. मी तिच्यासमोर उभी राहिले. ती काही विचारेना. गाठोड्याची गाठसुद्धा ओढली नाही.

मीच म्हटलं, "विचार ना वं मोठीमाय."

"काय विचारू," ती म्हणाली. "यावेळी तूच सांग."

"परतीचं बांधलं," मी म्हटलं.

रस्त्याचं फार सांगत नाही. जाताना धुकं एवढं होतं की ड्रायव्हर बाजूनं बाहेर डोकं काढून चालवत होता. येताना ताई मागे आडवी, बाळ माझ्या पोटाशी, चारी बाजूंनी वाळूच्या पिशव्या, आणि वरच्या चिरेतून बारीक गार वारा. त्या चिरेकडे पाहून मला धीर यायचा. पिशव्या निवल्या की ढाबा दिसेल तिथे थांबायचं. लखनादौनच्या ढाब्यावर बाबांनी कढईत वाळू ओतली तेव्हा ढाबेवाला म्हणाला, "रेत भून के खाओगे क्या, चाचा?" बाबांनी जीपचा पडदा उचलून त्याला आत दाखवलं. त्यानं भट्टीत आणखी दोन लाकडं सारली. पुढे घाटात बाळ दूध ओढेना. मी तिच्या छातीवर कान ठेवून बसले. बाबा पुढच्या सीटवरून दर वळणाला मागे पाहायचे. घाट उतरल्यावर तिनं एकदा शिंक दिली आणि मग भुकेनं रडायला लागली.

गल्लीच्या कोपऱ्यावर मोठीमाय उभी होती. जीप थांबायच्या आधीच तिनं पडदा उचलला. दोन्ही हात मागे धरले, सवयीनं. हात तर कधीचे निवले होते. वाकली, दुपट्यातून बाहेर आलेल्या इवल्याशा पायाला गाल टेकवला आणि तशीच राहिली. ताई रडत होती. मोठीमाय म्हणाली, "गरम आहे." एवढंच.

होळी होईपर्यंत तिनं मुसळाला हात लावला नाही.

मोठीमायला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेही हिवाळ्यातच, भिवापूरच्या मिरच्या अंगणात वाळत असताना. उखळ अजून तिच्या दाराशी आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि चिमण्या अंघोळ करतात. गल्लीत आता कोणी ठसकत नाही. तिखट पाकिटातून येतं. मी कुठे निघाले की लहान गाठोडं वेगळं बांधते. दाराशी आले की क्षणभर थांबते, कोणी गाठ ओढेल म्हणून.

ती मुलगी वाचली. इथेच आमच्याकडे वाढली. यंदा तिची बी.ए.ची परीक्षा झाली आणि ती पास झाली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली ती दुसरी.