दोनशे बारा नंबरची बाहुली

भोसरीच्या साहेबरावांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांच्यातला क्वालिटी इन्स्पेक्टर काही रिटायर व्हायला तयार नव्हता. तेहतीस वर्षं गिअर तपासण्यात गेली, आधी भोसरीत, मग चाकणला. आता तपासायला उरलं होतं ते घर. कंपनीत एक पद्धत होती. जी वस्तू कुणी वापरत नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची, आणि महिनाभरात वापर झाला नाही तर ती सरळ भंगारात. साहेबरावांनी ती पद्धत घरी आणली. ट्रान्झिस्टर गेला, कंदील गेले, मुलाची तीनचाकी सायकल गेली. बायको प्रभावतीबाई काही बोलल्या नाहीत. त्या फारसं बोलायच्याच नाहीत, आणि साहेबराव यालाच सुखाचा संसार म्हणायचे.

मग एका सकाळी लाल चिठ्ठी बाहुलीच्या मनगटाला बांधली गेली.

मुलगा बुद्धभूषण ऑफिसच्या कामानं जपानला गेला होता, तेव्हा त्यानं ती आईसाठी आणली होती. वीतभर उंची, चिनी मातीचा चेहरा, रेशमी झगा आणि तळपायावर कोरलेला नंबर, दोनशे बारा. अशा पाचशेच बनवल्यात, हौशी लोक त्या जमवतात, असं तो म्हणाला होता. नंबर बघून साहेबराव तेव्हा खूश झाले होते. पण शोकेसमध्ये नुसती उभी राहणारी वस्तू त्यांच्या नियमात बसेना.

"हिचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

"बाहुलीचा काय उपयोग असतो?" प्रभावतीबाईंनी उलट विचारलं.

"पोरी सोबत घेऊन फिरतात. ही तर जागची हलत न्हाई."

"मंग तसं लिहा चिठ्ठीवर."

साहेबरावांनी ऐटीत लिहिलं, 'वापर: सोबत घेऊन फिरणे', आणि खाली सही ठोकली. आपण काय लिहून दिलं ते त्यांना महिना भरत आल्यावर कळलं.

"चिंचवडला नाटक लागलंय," प्रभावतीबाई म्हणाल्या. "हिला न्यावं लागंल."

स्वतःचा नियम मोडणं साहेबरावांच्या रक्तातच नव्हतं. गेले बापडे. मध्यंतरात बाईंनी पिशवीतून बाहुली काढली, खुर्चीच्या हातावर बसवली आणि तिचे केस सारखे केले. साहेबरावांचे डोळे पांढरे व्हायचेच बाकी होते. मागच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "काका, हिचं पण तिकीट काढलंय का?" घरी आल्यावर बाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर तारीख लिहून नवऱ्याची सही घेतली. महिनाभर बाहुली वाचली.

पुढच्या महिन्यात सांगवीतलं फुलांचं प्रदर्शन. त्यानंतर पुण्यातलं संग्रहालय, मग देहूरोडचं विहार. विहारासाठी तर बाईंनी बाहुलीला पांढरी साडी शिवली, निऱ्यांसकट. दर खेपेला साहेबराव मनाची तयारी करून निघायचे आणि दर खेपेला नवाच धक्का खाऊन परतायचे. बसमध्ये एका बाईनं "किती वर्षांची?" असं विचारलं, आणि प्रभावतीबाईंनी तिला गंभीर चेहऱ्यानं "तिसरं चालू हाय" असं उत्तर दिलं. साहेबरावांनी त्या दिवशी दोन स्टॉप आधीच उतरून घर गाठलं.

खरा कहर झाला तो अकराव्या खेपेला, बुद्ध पौर्णिमेला. सगळं घर भाजे लेण्यांना गेलं होतं. बुद्धभूषणची गाडी, साहेबरावांची धाकटी बहीण वर्षाली, तिची पोरं. चैत्यगृहात वंदना झाली, आणि प्रभावतीबाईंनी बाहुली दगडी पायरीवर उभी करून मुलाला फोटो काढायला सांगितला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"दादा, वहिनींना झालंय काय?" वर्षाली हसत म्हणाली, पण हसू अर्ध्यातच विरलं. "साठीला आल्या की. एकदा डॉक्टरला दाखव रे."

साहेबरावांना दरदरून घाम फुटला. आपली बायको, जिनं कधी आवाज चढवला नाही, तिच्याबद्दल चारचौघांत हे ऐकायला लागावं! ते खांबाआड जाऊन उभे राहिले ते फोटो संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

हे थांबवायचं, त्यांनी ठरवलं. नियम तर मोडता येत नव्हता. पण बाहुली सापडलीच नाही तर तारीख टळणार, आणि तारीख टळली की भंगार. तेहतीस वर्षांत एकही खोटी सही न केलेल्या माणसानं शनिवारी दुपारी, बायको दळण आणायला गेलेली बघून, बाहुली आपल्या जुन्या डब्याच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवली.

रविवारी पुण्यात जुन्या शिल्पांचं प्रदर्शन होतं. शेवटचा दिवस. प्रभावतीबाई निळी साडी नेसल्या, पाण्याची बाटली भरली, चप्पल घातली आणि शोकेस उघडलं. आतली जागा रिकामी.

साहेबराव भांडणाच्या तयारीत होते. भांडण झालंच नाही. बाईंनी चप्पल काढली, बाटली ओट्यावर ठेवली आणि मेथीची जुडी घेऊन निवडायला बसल्या.

"अगं, आता काय झालं?" साहेबराव गडबडले.

"बाहुली न्हाई ना. मंग कशाचं जायचं?"

"बाहुलीवाचून काय अडलंय?"

प्रभावतीबाईंचा हात थांबला. "अडलंयच की. तेहतीस वर्षं रविवारी तुमचा ओव्हरटाइम. रिटायर झालात तर घरातलं भंगार. मला कधी 'चल' म्हणालात? त्या चिठ्ठीपायी तुम्ही घराबाहेर पडता, अन् तिच्यासंगं मी. ती अकरा ठिकाणी हिंडली. त्याच्या आधी मी कुठं हिंडले, एक ठिकाण सांगा."

साहेबरावांना गावाकडची लग्नं आठवली, मयती आठवल्या, दवाखाने आठवले. आणखी काहीच आठवेना. ते मटकन खुर्चीत बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मालातली केसाएवढी चीर पकडणाऱ्या माणसाला घरात हे दिसू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"माळ्यावर हाय ती," ते कसंबसं म्हणाले. "मीच लपवली."

"ठाऊक हाय. सकाळीच बघितली."

साहेबराव थिजलेच. "मंग काढली का न्हाईस?"

"म्हटलं, बघू तरी. तिच्याबिगर काय म्हणता ते."

साहेबराव खुर्चीतून उठले. अखेर शब्द निघाला तो शिफ्टवरच्या पोराला हाक मारावी तसा खणखणीत.

"चल!"

स्वतःच्याच आवाजानं ते दचकले, आणि मग हळू म्हणाले, "येतीस का, प्रभा? जाऊ आपण."

प्रभावतीबाईंनी मेथी बाजूला सारली. त्यांचे डोळे भरून आले होते. बाहुली काढायला म्हणून साहेबराव लगबगीनं शिडीकडे वळले, तशा त्या चप्पल घालता घालता म्हणाल्या, "राहू द्या तिला. आज मला न्या."