पार्बतानं गाडी गप्प केली

आमची पार्बता कवेलूवर चढायची. बाईमाणूस छपरावर चढलेलं आमच्या वडसा गावात कुणाला आवडायचं नाही, पण ज्याचं घर गळायचं तो तिलाच बोलवायचा. पदर खोचून, हातात पाण्याचा गडवा घेऊन ती वर जायची आणि एकेका कवेलूवर थोडं थोडं पाणी सोडायची. मी खाली घरात मान वर करून उभा. "पडलं का?" वरून आवाज. "नाई" म्हटलं की पुढचं कवेलू. घाई नाही, अंदाज नाही. ती म्हणायची, "पानी पडते तिथीच भोक रायते असं नाई. भोक धुंडावं लागते."

मी तिचा नवरा. शाळा चौथीपर्यंत, पुढं सारा जन्म ड्रायव्हरकी. पार्बता गेली त्याला वर्ष होत आलं. बायकोचं कौतुक करायची सवय मला नव्हती, म्हणून हे लिहायला जड जातं.

मी ज्यांची गाडी चालवायचो त्या डॉक्टरीणबाईंचा बाळंतपणाचा दवाखाना होता. त्यांनी पांढरी गाडी घेतली आणि चंद्रपूरहून तिच्यात चोराचा अलार्म बसवून आणला. गाडीला धक्का लागला, दार उघडलं, बोनट उघडलं की तो बोंबलणार. दोन महिने ठीक चाललं. मग तो कुणी हात न लावता बोंबलायला लागला. आत नुकतीच जन्मलेली लेकरं दचकायची, त्यांच्या आया मला शिव्या द्यायच्या.

मेकॅनिक आला. धक्का ओळखणारी एक डबी असते, ती त्यानं ढिली केली. दोन दिवसांनी अलार्म पुन्हा सुरू. त्यानं डबीची वायरच काढली आणि म्हणाला, "आता लाथ मारा." मी मारली. गाडी गप्प. संध्याकाळी धानाचा ट्रक रस्त्यानं गेला आणि गाडीनं गळा काढला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो बाईंना म्हणाला, "यंत्र चांगलं आहे. तुमचा ड्रायव्हरच रिमोट दाबत असेल."

बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघते. नाहीतर मला दुसरा माणूस ठेवावा लागेल."

माझी पन्नाशी उलटलेली. नोकरी गेली असती तर मला कुणी पुसलं नसतं. घरी ताटावर बसलो, पण भाताला हात लावला नाही.

"काऊन जी, भाजी बिघडली का?" पार्बता म्हणाली.

सगळं सांगितलं. ती भात कालवत ऐकत होती. मग म्हणाली, "धक्क्याची डबी तं काढली म्हनता. मंग डबीचं नाव घेऊच नोका. दार रायलं, बोनट रायलं. येतो मी उद्या."

"तुले गाडीतलं काय समजते?"

"तुमाले समजते ना, मंग काऊन उपाशी बसले?"

दुसऱ्या दिवशी रविवार. ती आली, मला रिमोट दाबून अलार्म चालू करायला लावला. गाडीच्या मागून सुरुवात केली. डिकीवर तळहात दाबला, काढला, थांबली. मागचं दार दाबलं, काढलं, थांबली. कंपाउंडर नामदेव पायरीवर बसून पाहत होता.

"पार्बताबाई, गाडीवर कवेलू नाई जी."

"तुह्या टकल्यावर बी नाई," ती मान न वळवता म्हणाली. "तरी अक्कल गळूनच राह्यली."

चारही दारं झाली. गाडी गप्प. बाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. पार्बतानं बोनटच्या कोपऱ्यावर हात दाबला. काही नाही. हात काढला आणि अलार्म सुरू. मी बंद केला. तिनं पुन्हा दाबून सोडलं. पुन्हा बोंब.

"हात ठेवला तवा नाई, काढला तवा बोंबलते," ती म्हणाली. "झाकन उसळून राह्यलं. उघडा."

बोनट उघडलं. काठाशी एक बटन होतं. झाकण त्याला दाबून धरतं तोवर अलार्म गप्प, बटन वर आलं की त्याला वाटतं बोनट उघडलं. आणि पलीकडे निळ्या रबराचा जाड तुकडा चिकटवलेला. त्या तुकड्यानं झाकण थोडं वरच राहायचं, बटन अर्धंच दबायचं. ट्रक गेला, जमीन हादरली, की तेवढ्यानं सुटायचं.

पार्बतानं तुकडा उपटला आणि उलटून पाहिला.

"ही माह्या चपलेची टाच हाय. कुत्र्यानं नेली म्हने ना तुमी?"

कुरखेड्याच्या रस्त्यानं बोनट खडखड करायचं, म्हणून तिच्या चपलेची टाच कापून मीच ती तिथं चिकटवली होती. ती टाच आणि कुत्र्याची थाप, दोन्ही पार विसरलो होतो. मी नामदेवकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सांगा बाईले," ती हळूच म्हणाली. "आता नाई सांगितलं तं त्या मेकॅनिकचंच खरं होईल."

सांगितलं. मग बोनट लावलं, रिमोट दाबून अलार्म चालू केला. तेवढ्यात झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात करणारी जीप आली, वर दोन भोंगे, आत ढोलकी. दवाखान्याची तावदानं थरथरली. आम्ही चौघंही गाडीकडे पाहत उभे. जीप गेली. मागून रिकामा ट्रक गेला. एका गाईनं येऊन बंपरला मान घासली, निवांत घासली. गाडी गप्प.

बाई म्हणाल्या, "भाऊ, उद्या वेळेवर या. आणि गाडीला काही चिकटवायचं असेल तर आधी पार्बताबाईंना विचारत जा."

नामदेव उठून तिच्यासाठी चहा आणायला गेला. कुणी सांगितलं नव्हतं.

घरी जाताना ती म्हणाली, "काईच बोलत नाई जी तुमी?"

"भूक लागली," मी म्हणालो.

पुढं कुणाचा पंप बंद पडला, मिक्सर अडला, की लोक तिच्याकडे यायचे. ती आधी विचारायची, "काय काय पाहून झालं? ते सोडून बाकीचं दाखवा." ती नोकरी मी डोळे अधू होईपर्यंत केली.

ती गेली त्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. बायकांमध्ये खाली बसल्या आणि गाडीची गोष्ट सांगू लागल्या. सगळ्यांना माहीत होती, तरी सगळ्या ऐकत होत्या. रबरापाशी आल्या आणि माझ्याकडे पाहून अडखळल्या. मान ठेवत होत्या माझा.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. म्हणालो, "रबर मी लावलं होतं. नोकरी माझी होती, वाचवली तिनं."

रडणाऱ्या बायकांपैकी दोघी हसल्या. ती होती तोवर हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. त्या दिवशी निघालं, रस्त्यावर उभ्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.