नोकरी सोडलेला माणूस

बडनेऱ्याहून गाडी सुटली आणि समोरच्या माणसाने मला ओळखलं. मी नेतृत्वाचे वर्ग घेतो. त्याच्या सूतगिरणीतही एकदा घेतला होता. बोलताना तो कडक इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सारखं लावायचा, काढायचा.

"तुमी म्हनलं होतं ना सर, ज्यात जीव रमत नाही ते सोडा? सोडली नोकरी. आता मीबी हेच शिकवतो. आज अकोल्यात पयला वर्ग हाय."

मी घाईने विचारलं, "घरचे काय म्हणतात?"

"बायको बोलतच नाही. पन यात जीव रमून राहिला, सर. तुमाले तर रोजच असं वाटत असन?"

'हो' म्हणायची मला सवय आहे. त्यावरच माझं घर चालतं. पण त्याच्या त्या कडक इस्त्रीपुढे खोटं बोलवेना.

"नाही हो. मला कधीच वाटलं नाही."

आता हा चिडणार, असं वाटलं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मी वर्गात लोकांकडे बघतो तसा.

"मंग चाला ना माह्या वर्गाले. पुढंच बसा."

माझं तिकीट भुसावळचं होतं. तरी मी त्याच्यामागे अकोल्याला उतरलो. त्याची माफी मागायला की खरंच काही शिकायला, हे मला अजून सांगता येत नाही.