शालीखालचा माईक

माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण दुकानात उभं राहून, चांगली पारखून, पिशवीत घालून घरी आणली अशी चूक एकच.

मी जालन्यात एका दैनिकाचा बातमीदार. शेती अवजारं आणि बियाण्यांचं चार दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं. संपादकांचा फोन आला, "या वेळी नुसता मजकूर नको. मोबाईलवर व्हिडिओ करा. लोक आता वाचत नाहीत, बघतात." मी लगेच हो म्हणालो. वास्तविक फोटो काढताना आपलं बोट त्यात येऊ न देणं, एवढंही मला तोवर साधलेलं नव्हतं.

जुन्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला मोबाईलच्या सामानाचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मधेच हिंदी.

"काय शूट करायचं सर? लगन का रील?"

"प्रदर्शन. मुलाखती घ्यायच्यात."

"मंग हा न्या." त्यानं काळ्या स्पंजाची टोपी घातलेला, लांब वायरचा, हातात धरायचा माईक पुढं ठेवला. "तिथं कल्ला लई असतो. भोंगे, जनरेटर. हा तोंडापाशी धरा, बिलकुल फिकर न्हाई."

तो माईक हातात घेतला की मी गणेश मंडळाचा निवेदक दिसणार, हे मला काचेच्या कपाटात दिसून गेलं. त्याच कपाटात शर्टाच्या बटणापेक्षा जरासा मोठा बिनतारी माईक होता. मी म्हणालो, "तो दाखवा."

"तो भी चांगला हाय. पर कपड्याला लावावा लागतो. कपडा घासला की आवाज गेला. आन् त्याचा हा तुकडा चार्जिंगच्या भोकात बसतो, मंग हेडफोन लावून तपासायला जागा न्हाई."

त्या भल्या माणसानं पुढं घडणारं सगळं मला पाच मिनिटांत सांगितलं होतं. मला फक्त त्याचा आकार दिसत होता. तोच घेतला. मग हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा दांडा घेतला, ज्याला गिंबल म्हणतात. विटेएवढी पॉवर बँक घेतली. गोल दिवाही घेतला, प्रदर्शन भर उन्हात असताना. हातात धरायचा तो माईक दुकानदारानं टोपीसकट परत ठेवला.

घरी पलंगावर हा बाजार मांडला. बायको दारातूनच म्हणाली, "अहो, प्रदर्शन बघायला चाललात का लावायला?"

"बातमीदारीची नवी साधनं आहेत ही."

"आन् वही?"

"आता वही लागत नाही."

खरं कारण असं की बॅगेत जागाच उरली नव्हती.

पहिले दोन दिवस गिंबलनं मला शिकवलं. मी ट्रॅक्टरसमोर उभा राहिलो की तो आपसूक मान वर करायचा आणि मांडवाचं कापड दाखवायचा. तिसऱ्या दिवशी आमचं जमलं. दुपारी एका कोपऱ्यात टाळ्या ऐकू आल्या म्हणून गेलो, तर वडीगोद्रीच्या एका मामांचा सत्कार चालला होता. हायवेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी उभ्यानं सरकी टोकायचं यंत्र केलं होतं: कमरेइतकी नळी, वर बियांचा डबा, खाली चोच. आयोजकांनी खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढले आणि ते पुढच्या सत्काराला गेले. मामांच्या मागं खुर्चीवर त्यांची बायको मांडीवर सरकीची पिशवी घेऊन बसली होती. मी तिला मावशी म्हणून नमस्कार केला.

मामांच्या खिशाला मी माईक लावला. ते शाल काढायला लागले. "लई उकडून राह्यलं साहेब."

"राहू द्या मामा," मी म्हणालो. "फ्रेममध्ये चांगली दिसते."

असं म्हणून मी स्वतःच्या हातानं ती पुढं ओढून, दोन्ही पदर छातीवर नीट बसवले. माईक आत गेला.

मोबाईलमध्ये मागची माणसं धूसर करायची एक सोय असते. चेहरा कसा उठून दिसतो. तीही चालू केली. गोंगाट कमी करायचं बटण होतं, तेही दाबलं. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं सगळं मी केलं.

मामा सुरुवातीला अडखळले. मग म्हणाले, "शाल मला दिली. पर वेल्डिंग तेवढं माझं हाय. डोकं हिचं. टोकून टोकून हिची कंबर धरायची. एक दिवस हिनं पाइपाचा तुकडा घेतला आन् उभ्यानंच त्यातून बी सोडलं. मी हसल्तो तवा." एवढं बोलून त्यांनी मान मागं वळवली, परत कॅमेऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, हे यंत्र अमुकीचं आहे. नाव घेतलं. स्पष्ट, पूर्ण, तिचं.

त्या पिढीतला माणूस बायकोला "अगं" म्हणतो, "ऐकलं का" म्हणतो, फार तर थोरल्या लेकराची आई म्हणतो. नाव घ्यायचं ते लग्नात, तेही करवल्यांनी दार अडवल्यावर. मावशीनं मुठीतली सरकी तशीच धरून पदर तोंडाला लावला. "काही लाज? लोकात?" म्हणाली. पण उठून गेली नाही.

मी तिथं दोन हातांवर होतो. नेमकं त्या क्षणी गिंबल मान टाकतोय का, हे मी बघत होतो. नाव माझ्या कानावरून गेलं.

संध्याकाळी घरी येऊन व्हिडिओ लावला. खसर. खसर खसर. नव्या कोऱ्या शालीचा आवाज इतका स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता. गोंगाट कमी करणाऱ्या बटणाला मामा गोंगाट वाटले होते आणि शाल ही मुलाखत. टेबलावर माझी वही पडली होती, कोरी. संपादकांचे दोन फोन येऊन गेले.

"डोकं हिचं" हे मला चांगलं आठवत होतं. तरी मी काय करावं? शालीचा आवाज काढून टाकला, खाली गाणं लावलं आणि माझ्या भरदार आवाजात सांगितलं, की वडीगोद्रीच्या या अवलियानं स्वतःच्या डोक्यातून यंत्र साकारलं. नाव आठवेना, आणि बिननावाची बायको मधे आणली तर गोष्ट लांबते, अशी मी स्वतःची समजूत घातली. व्हिडिओ पुष्कळांनी बघितला. संपादक म्हणाले, "जमलं तुम्हाला."

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ते पत्रकार का? वडीगोद्रीहून बोलून राह्यले मी. यंत्रवाल्याच्या घरून."

मी अभिनंदन वगैरे सुरू केलं. तिनं ते संपू दिलं.

"बचत गटाच्या बायका बोलावल्या होत्या मी. म्हणलं, यांनी माझं नाव घेतलंय, या बघायला. दोनदा लावला. मंग एक म्हणली, 'कुठंय वो नाव? आम्हाला तर निस्तं गाणंच आलं.' हसल्या समद्या."

"मावशी, तांत्रिक अडचण झाली."

"ते असू द्या. यांनी घेतल्तं ना? का मलाच भास झाला?"

"घेतलं होतं. मी तिथंच होतो."

"मंग बरं."

"तुम्ही नाव सांगा, मी व्हिडिओखाली लिहून टाकतो."

"मी कशाला सांगू? त्यांनी सांगितलं ना. तुम्ही तिथंच होते ना."

फोन ठेवला गेला. नाव काढणं अवघड नव्हतं. वडीगोद्रीत कुणीही दिलं असतं. पण मग ते मी घेतलेलं नाव झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी स्टेशनच्या रस्त्यावरून तो टोपीवाला माईक आणला. दुकानदारानं एक अक्षर विचारलं नाही, हे त्याचे उपकार. वडीगोद्रीला पोचलो तेव्हा मामा दुकानात एक फाटक जोडत होते. मागंच घर, मावशी दारात आली. मी चूक सांगितली, शालीसकट, आणि म्हणालो, "मामा, तेवढं एक वाक्य पुन्हा बोला."

"पुन्हा?" मामांनी माईककडं बघितलं. "पुन्हा पुन्हा घ्यायला तो काय उखाणा हाय का साहेब? त्या दिवशी चार लोक होते, अंगावर शाल होती, आलं तोंडात. आता तुम्ही म्हणता घ्या, म्हणून घेऊ?"

"मावशींसाठी."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. ती त्यांच्याकडंच बघत होती. दुकानापुढून एक ट्रक गेला, त्याचा आवाज सरेपर्यंत मी माईक धरून उभा होतो. मग मामांनी काळी काच डोळ्यांपुढं धरली आणि वेल्डिंग सुरू केलं. ठिणग्या उडायला लागल्या. मावशी आत गेली.

चहा तिनंच आणला. कप देताना हळू विचारलं, "आवाज न्हाई आला तर न्हाई. त्यांचं तोंड दिसतं का, नाव घेताना?"

"दिसतं."

"मंग तेवढं मला पाठवा. गाणं काढून."

तिथंच उभ्या उभ्या पाठवला, खसर खसर जशीच्या तशी ठेवून. त्यात मामा मान वळवून बघतात, मग त्यांचे ओठ हलतात. ज्या बाजूला ते बघतात, तिथं ती बसलेली आहे, पण धूसर. ते धूसरपण काढायचं कसं, हे मी जालन्याला परतल्यावर माईकवाल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "घेतानाच तसं घेतलंय सर. आता न्हाई निघत."